खांब झुकतात, छत पांढरं पडतं

प्रश्न : संग्रहालयातल्या उंच दालनाचे फोटो काढले, तर खांब आत झुकलेले दिसतात आणि छताच्या काचा पांढऱ्याफटक येतात. ट्रायपॉड, फ्लॅश दोन्हींना मनाई आहे. काय करावं?

उत्तर : खांब झुकतात ते कॅमेरा वर तिरपा केल्यामुळे. सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) भिंतीला समांतर राहिला, की उभ्या रेषा उभ्याच राहतात. स्क्रीनवर ग्रिड (आडव्या-उभ्या मदतरेषा) लावा, कॅमेरा सरळ धरा आणि जमेल तितकं मागे सरका. खाली फरशी जास्त आली तरी चालेल, ती नंतर कापता येते. पहिल्या मजल्यावर सज्जा असेल तर तिथूनच घ्या. दालनाच्या निम्म्या उंचीवरून झुकाव जवळजवळ उरतच नाही. सॉफ्टवेअरने रेषा सरळ करणार असाल तर चारही बाजूंना जागा सोडा, कारण कडा कापल्या जातात.

छतासाठी रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली मूळ माहिती राखणारी फाइल) घ्या आणि एक्स्पोजर १ ते १.५ स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). काळोखे कोपरे नंतर उजळता येतात, पांढरीफटक पडलेली काच परत येत नाही.

हातात धरून २४ मिमी लेन्स, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १६०० (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर १/३० सेकंद इथपासून सुरुवात करा. खांद्याने भिंतीला टेका (कोरीवकामाला मात्र नाही), कोपर अंगाशी ठेवा, सलग तीन-चार फोटो घ्या; मधला बहुधा सर्वांत स्थिर येतो. एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे उमटले तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा.