वाचक विचारतात: रिलेत वेळ जातो कुठे?

प्रश्न: आमच्या चारही मुली १०० मीटर १४ सेकंदांच्या आसपास धावतात. बॅटन कधी पडत नाही, तरी ४ बाय १०० ला ५७ सेकंद लागतात. असे का?
(क्रीडाशिक्षिका, हिंगणा मार्ग, नागपूर)

उत्तर: चौघींच्या वेळांची बेरीज ५६ होते. तिघींना बॅटन धावतानाच मिळते, उभ्याने सुरुवात करावी लागत नाही. म्हणून चांगल्या संघाची वेळ बेरजेपेक्षा दोनेक सेकंदांनी कमी यायला हवी. तुमची जास्त येते, त्याअर्थी घेणारी मुलगी पडण्याच्या भीतीने हळू सुटते किंवा मागे वळून पाहते आणि देणारीला तिच्या पाठीशी वेग कमी करावा लागतो.

खूण नीट ठरवा. घेणारीला ३० मीटरच्या झोनच्या, म्हणजे बॅटन ज्या पट्ट्यात द्यायची त्याच्या, सुरुवातीला उभी करा. तिथून देणारीच्या दिशेला, टाचेला पंजा लावत १८ पावले मोजा आणि फक्कीची रेघ मारा. देणारी रेघेवर आली की घेणारीने पूर्ण ताकदीने सुटायचे, मागे बघायचे नाही. देणारी टप्प्यात आल्यावर ‘हात!’ म्हणेल, तेव्हाच हात मागे जाईल आणि बॅटन मिळेपर्यंत हलणार नाही. झोनच्या २० ते २५ मीटरदरम्यान बदल झाला तर खूण बरोबर. १० मीटरवरच गाठले तर रेघ दोन पावलांनी लांब न्या. झोन संपत आला तरी गाठता येत नसेल तर दोन पावलांनी जवळ घ्या.

सरावात देणारीने किमान ५० मीटर पूर्ण वेगात आलेच पाहिजे. जॉगिंग करत ठरवलेली खूण शर्यतीत कामाची नाही. दिवसाला असे पाच-सहा बदल पुरेत. मुली दमल्यावर खूण चुकीची दिसू लागते. मुरमाच्या मैदानावर सुटताना पाय सरकतो, म्हणून सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइक घालून गेलात की वॉर्मअपमध्ये पुन्हा मोजा. तिथे फक्की चालत नाही. आपल्या लेनमध्ये एकच चिकटपट्टी, जास्तीत जास्त ५ बाय ४० सेंटिमीटरची.

पहिली आणि तिसरी बॅटन उजव्या हातात धरून लेनच्या आतल्या बाजूने, दुसरी आणि चौथी डाव्या हातात धरून बाहेरच्या बाजूने. हात बदलायचा नाही. झोनमुळे दुसरी आणि तिसरी प्रत्यक्षात सव्वाशे मीटरपर्यंत धावतात, तेव्हा तिथे शेवटी न मंदावणाऱ्या मुली ठेवा.

प्रश्न: मुलगा ४ बाय ४०० मध्ये दुसरा धावतो. १० मीटर मागे असताना बॅटन मिळते, तो २०० च्या आत सगळ्यांना गाठतो आणि शेवटी पाय जड होतात. मग सगळे त्यालाच बोलतात.
(पालक, मानकापूर, नागपूर)

उत्तर: १० मीटरची तूट १०० मीटरमध्ये भरायची तर पुढच्यापेक्षा १० टक्के वेगाने धावावे लागते, ३०० मीटरवर पसरली तर तीन टक्क्यांच्या जरा वर. पहिला हिशेब कोणाच्याच पायांना झेपत नाही. त्याचे पहिले २०० मीटर त्याच्या सर्वोत्तम २०० पेक्षा दीड ते दोन सेकंद हळू असावेत. ओलांडायचे ते सरळ रेषेत. पूर्ण वळण एक लेन बाहेरून धावले तर पावणेचार मीटर जास्त पडतात. दुसरा धावक पहिल्या वळणानंतरच आपली लेन सोडून आतल्या लेनमध्ये येऊ शकतो. तिथे झटकन आत न शिरता सरळेच्या टोकाकडे तिरका धावला तर अंतर वाया जात नाही.

मुलाला एकट्याला दोष देणे मात्र अन्यायाचे आहे. ती १० मीटरची तूट त्याच्या हाती आयती आलेली असते. इथे देणारा थकून येतो, म्हणून घेणाऱ्याने मागे बघायचे, त्याचा वेग ओळखून सुटायचे. ती जबाबदारी तिसऱ्या धावकाची. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने प्राथमिक फेरीत २ मिनिटे ५९.०५ सेकंद नोंदवले, म्हणजे प्रत्येकी सरासरी पावणेपंचेचाळीस सेकंद. चौघेही तोडीस तोड धावल्याशिवाय हा आकडा येत नाही.

प्रश्न: बॅटन पडले तर कोणी उचलायचे? घामाने हात निसरडे होतात, काही लावता येते का?
(विद्यार्थी, नंदनवन, नागपूर)

उत्तर: ज्याच्या हातून पडले त्यानेच. देवाणघेवाणीत पडले आणि ते पूर्णपणे घेणाऱ्याच्या हाती गेले नव्हते, तर देणाऱ्याने उचलायचे. लेन सोडून जाता येते, पण कोणाला अडवायचे नाही आणि अंतर वाचवायचे नाही. हातमोजे किंवा पकडीसाठी हाताला काही लावणे नियमबाह्य आहे. शर्यतीआधी रुमालाने तळहात आणि बॅटन दोन्ही कोरडे करा, आणि देणाऱ्याने बॅटन खालच्या टोकाला धरावे, म्हणजे घेणाऱ्याच्या मुठीला जागा उरते.