पांढऱ्याचं राखाडी झालं, म्हणून लिहितोय

प्रिय मैत्रिणीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. फोटोही पाहिले, घाई न करता, एकेक मोठा करून. पत्रात तक्रारी भरपूर आहेत. बर्फ राखाडी येतो, बोटं बधिर होतात, बॅटरी मधेच मान टाकते आणि एवढी पायपीट करून घरी यावं तर ‘हाती काहीच लागलेलं नसतं’. शेवटी हळूच विचारलंयस, नवा कॅमेरा घेऊ का? नको घेऊस. का ते पुढे येईलच. आधी राखाडी बर्फाचं बघू, ते लगेच मिटण्यासारखं आहे.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर बर्फ आहे की कोळसा हे कळत नाही. दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं असणार, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परतवणारं, एवढं धरून ते हिशेब मांडतं. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परतवतो. मीटरला वाटतं उजेड फार झाला, ते एक्स्पोजर (म्हणजे फोटोला मिळणारा उजेड) खाली ओढतं आणि शुभ्र बर्फ मळकट होऊन बसतो. हल्लीचे कॅमेरे थोडे शहाणे झालेत, तरी बर्फाने फ्रेम भरली की गंडतातच. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरचा हिशेब हाताने बदलायची सोय, एक ते दोन स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). एकपासून सुरुवात कर आणि हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं असा फोटोतल्या छटांचा आलेख, बघ: त्यातला डोंगर उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या कडेला जाऊन आपटलेला नको. स्क्रीनवरच्या चित्रावर विसंबू नकोस, बर्फाच्या लखलखाटात ते नेहमी अंधारंच दिसतं. धुक्यालाही हेच लागू, फक्त तिथे वाढ जरा बेतानं.

आणि सावल्यांचा निळा रंग पुसत बसू नकोस. दोन-तीन फोटोंत तू व्हाइट बॅलन्स (रंगांचा निळा-पिवळा तोल) ओढून ओढून सावल्या करड्या केल्यायस, त्यापायी उन्हातला बर्फ पिवळट पडलाय. उन्हातल्या बर्फावर सूर्याचा उजेड असतो. सावलीतल्या बर्फाला सूर्य दिसतच नाही, तिथे वरचं निळं आभाळच दिव्याचं काम करतं. म्हणजे तो निळा खरा आहे. आपला मेंदू तो गाळून टाकतो म्हणून तिथे उभं असताना जाणवत नाही. मुद्दाम थांबून बघ. एकदा दिसला की मग दिसतच राहतो.

थंडीच्या बंदोबस्ताचं थोडक्यात सांगतो, त्यावर पानंच्या पानं लिहिणारे पुष्कळ आहेत. बॅटरी मेलेली नसते, गारठलेली असते. थंडीने तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेव, आणि दमलेली काढलीस की तीही तिथेच टाक. ऊब मिळाल्यावर बरेचदा थोडं आणखी काम देते. हातात आतून पातळ मोजे, वरून जाड. लेन्सवर हिमकण पडला तर फुंकर मारू नकोस, तोंडाची वाफ काचेवर गोठते. मऊ ब्रशने झटक. परतताना दाराबाहेरच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाल आणि आत गेल्यावर तासभर तरी पिशवी उघडू नकोस. गार काचेला घरातली उबदार, दमट हवा लागली की तिच्यावर पाणी धरतं. बाहेरचं पुसता येईल, लेन्सच्या आतलं कसं पुसणार? झालं, एवढं पुरे.

आता ‘हाती काहीच लागत नाही’ याकडे येऊ. मला त्याचंच जास्त सांगायचंय.

तू ज्या दिवशी लांब गेलीस, त्या दिवसाचे फोटो ठीक आहेत. गोठलेलं तळं, मागे डोंगर, आभाळात गुलाबी पट्टे. ठीकच. तुझ्या आधी तिथे उभं राहिलेल्या प्रत्येकाने ते काढलेत आणि पुढचेही काढतील. पण त्याच गठ्ठ्यात कुंपणाच्या तारेचा एक फोटो आहे, बहुधा परतीच्या वाटेवर घाईघाईत काढलेला. त्याच्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. तारेच्या एकाच अंगाला बर्फाचे काटे फुटलेत, बोटाच्या पेराएवढे. दुसरं अंग कोरडं ठाक, तिथे गंजाची तांबूस रेघ दिसतेय. काटे एकाच बाजूला का, हे तुला तिथे सुचलं का गं? धुक्यातले बारीक थेंब शून्याखालच्या थंडीतही पाणीच राहू शकतात आणि कशावर तरी आपटले की जागच्या जागी गोठतात. वारा जिकडून येतो त्याच बाजूला ते थरावर थर चढवत जातात. म्हणजे ते काटे वाऱ्याच्या तोंडावर वाढलेत. आदल्या रात्रीचा वारा कुठून कुठे वाहत होता, ते तुझ्या फोटोत लिहिलेलं आहे! फोटो वाकडा आहे, फोकस मागच्या खांबावर गेलाय, पण मी त्याच्यापाशी थांबलो. तळ्यापाशी थांबलो नाही.

म्हणून म्हणतो, हा हिवाळा संपेपर्यंत लांब जाणं बंद कर. घरातून पायी निघून पायीच परतता येईल अशी एक वाट धर. देखणी नसली तरी चालेल, किंबहुना नसलेलीच बरी. देखण्या जागी आपण आधी पाहिलेल्या फोटोंची नक्कल करत सुटतो.

पहाटे उठण्याचंही एवढं मनावर घेऊ नकोस. ‘गोल्डन अवर’ची, म्हणजे सूर्योदय-सूर्यास्ताजवळच्या तिरप्या सोनेरी उन्हाची, धास्ती उन्हाळ्यासाठी ठेव. ५० अंश अक्षांशावर वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंश वर येतो. खांबाची सावली त्याच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते, तीही ऐन दुपारी. विषुववृत्ताकडे जावं तसा सूर्य वर चढतो हे खरं, पण तू जिथे बर्फ तुडवतेयस तिथे दिवसभर तिरपं ऊन असणार. जेवून निघालीस तरी चालेल. (पहाटे उठल्याचा जो एक अभिमान असतो ना, तो फोटोत उमटत नाही.)

एकच वाट धरण्याचा फायदा बर्फ पडायला लागला की कळतो. पडणारा बर्फ दिसायला त्याच्यामागे काहीतरी गडद लागतं: ओली भिंत, दाट झाडी, उघडं दार. पांढऱ्या आभाळापुढे पांढरे कण हरवून जातात. वाट पाठ असली की कुठे जाऊन उभं राहायचं ते शोधावं लागत नाही. मग शटरच्या वेगाशी खेळ. हिमकण साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली येतो. १/३० सेकंदात तो तीन सेंटिमीटरभर सरकतो, म्हणून त्याची रेघ उमटते. १/२५० सेकंदात सरकतो चार मिलिमीटर, म्हणून ठिपका दिसतो. रेघांनी वारा दिसतो, ठिपक्यांनी शांतपणा. काय हवंय ते तू ठरव. फ्लॅश मात्र बंद ठेव. लेन्सपुढचे चार कण त्याने ढोबळ पांढरे गोळे होऊन बसतात आणि मागचं सगळं बुडतं. हां, एखाद्या दिवशी तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

आता नव्या कॅमेऱ्याचं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको या गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकरी राहायचा. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा आपला पहिला फोटो घेतला. हिमकण झेलायचा, काचेवर ठेवायचा आणि तो विरघळायच्या आत प्रकाशचित्र घ्यायचं. सगळा उद्योग बिनशेकोटीच्या गारठ्यात, श्वास रोखून. असे त्याने ५००० हून अधिक फोटो काढले, तेही १८८५ चा तोच कॅमेरा १९३१ पर्यंत वापरून. पोटापाण्याला शेती होती, फोटोंची कुणी वाट पाहत नव्हतं. हौशी माणसाची खरी श्रीमंती ही असते. तुला उद्या सकाळपर्यंत कुणाला काही द्यायचं नाहीये, त्यामुळे तुला रिकाम्या हाताने परत यायची पूर्ण मुभा आहे. व्यावसायिकाला ती नसते. तू मात्र त्याच्यासारखी धास्तावून फिरतेस आणि धास्तीपायी एकाच झाडाचे तीसतीस फोटो काढून आणतेस.

बाहेर पडताच येणार नाही असेही दिवस येतील. तेव्हा खिडकी आहे. प्रागच्या योसेफ सुदेकने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता, तरी तो जन्मभर अवजड कॅमेरे घेऊन हिंडला. त्यानेच १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटोंची एक मोठी मालिका केली. काचेवरचं दव, ओघळ, पलीकडचं एक वाकडं झाड. खिडकी तीच, झाडही तेच. तुझ्या खिडकीच्या काचेवर वाफ धरली की ती पुसायच्या आधी कॅमेरा उचल. फोकस काचेवर ठेवून एक घे, बाहेर ठेवून एक घे. दोन्हीत किती फरक पडतो ते मी सांगत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. फोटोखाली तू वहीत दोन-चार ओळी लिहितेस, त्या पोरकट आहेत का? काही आहेत. ‘एकाकी वृक्ष, निःशब्द हिवाळा’ ही ओळ खोडून टाक. झाड एकटं आहे हे फोटोत दिसतंय, आणि हिवाळा निःशब्द नसतो. कडाक्याच्या थंडीत बर्फ पायाखाली करकरतो, थंडी कमी झाली की तोच बर्फ मुका होतो. तुझ्या कानांनी हे टिपलं असणारच. फोटोत नाही ते लिही: आवाज, वास, वारा कुठून होता, किती वेळ थांबलीस, कंटाळा आला का. बेंटलीही रोजच्या हवामानाच्या नोंदी ठेवायचा. त्यातून पुढे काही निघो न निघो, रोज पाहण्याची शिस्त लागते. तुझ्या सगळ्या ओळींत मला आवडलेली ओळ कोणती, सांगू? ‘आज हातमोजा हरवला. डावा.’ तिच्यावरच्या फोटोत नुसती पायवाट आहे. ती ओळ वाचून मी पुन्हा फोटोकडे गेलो आणि पायवाटेवर हातमोजा शोधायला लागलो. असं लिही. मनात येईल ते, तारखेसकट, आणि सुंदर करायच्या फंदात न पडता. एखाद्या दिवशी फोटो नसेल आणि ओळ असेल, त्यालाही हरकत नाही.

पुढच्या वेळी पाचच फोटो पाठव. कुठले पाच, हे ठरवताना तुझं डोकं दुखलं पाहिजे. कॅमेऱ्यामागे जेवढं शिकशील त्याहून जास्त तिथे शिकशील. सोबत वहीतल्या ओळी जशाच्या तशा. आणि त्या कुंपणाकडे पुन्हा जा. तुझ्या वाटेवर नसेल तर वाट तिकडून वळव, लांब न जाण्याच्या नियमाला एवढी सूट. धुकं असेल आणि पारा शून्याखाली असेल अशा रात्रीनंतर जा, गुडघ्यावर बस, फोकस हाताने तारेवर आण आणि दोन्ही अंगांनी घे, काट्याच्याही आणि गंजाच्याही.

तुझा,
एक जुना हौशी

ता.क. कॅमेरा पिशवीत घालण्याआधी त्यातलं कार्ड काढून घेत जा. कॅमेरा ऊब धरेपर्यंत तू फोटो बघायला मोकळी, आणि पिशवी लवकर उघडायचा मोहही होणार नाही.