पोदेराचा हॉर्न आणि आपला उपास

कार्निव्हलचे चार दिवस संपतात, ‘खा, पी, मजा कर’ म्हणणारा किंग मोमो रथावरून उतरतो आणि दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार उजाडतो. गोव्यात ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा उपासकाळ कधी लागला हे कॅलेंडरात बघावं लागत नाही. माझ्याकडे प्रश्न मात्र त्याच्या आधीच यायला लागतात. यंदाही आले: आपल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून, काही कॅथलिक घरांतून, आणि एक तर हिंदू शेजारणीचा. त्यातले सहा घेतो.

पाळकसाहेब, सलाम. धाकट्याने जहाजावरच्या नोकरीसाठी कोर्स केला, एजंटकडे पैसे भरले, वर्ष होत आलं तरी बोलावणं नाही. मी दर शुक्रवारी उपास धरते. आता प्रार्थनासभेतल्या एका बाईंनी सांगितलं की सलग २१ दिवस केल्याशिवाय हे बंधन तुटायचं नाही. नेमका किती दिवस उपास केला म्हणजे देव ऐकेल? (एक आई, वास्को)

ताई, सलाम. आधी एक व्यवहाराचं विचारतो. एजंटकडे डी.जी. शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचा, परवाना आहे का, ते पाहिलंत? परवानाधारक एजंटला नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे कशाचे म्हणून घेतले ते पोराला लेखी मागायला सांगा. हे काम उपासाच्या आड येत नाही.

आता तुमचा प्रश्न. बायबलात उपासाचे आकडे आहेत. एस्तेरने ३ दिवस अन्नपाणी सोडलं. दानीएलाने ३ आठवडे चांगलंचुंगलं खाल्लं नाही, मांस आणि द्राक्षारस तोंडात घातला नाही; तो निर्जळी उपास नव्हता. प्रभू येशूचे ४० दिवस आपल्याला ठाऊकच आहेत. पण इतक्या दिवसांना इतकं फळ, असा दर कुठेही लावलेला नाही. ‘किती दिवस’ हा नवसाचा हिशोब आहे, आणि तो आपल्यापैकी बहुतेकांच्या हाडीमाशी खिळलेला आहे. आपण नारळाच्या जागी उपास ठेवतो, एवढाच काय तो फरक.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२वा अध्याय काढा आणि सावकाश वाचा. दावीदाचं तान्हं मूल आजारी आहे, आणि त्यामागे दावीदाचंच पाप आहे. तो जेवत नाही, रात्रभर जमिनीवर पडून राहतो. घरातली वडीलधारी माणसं उठवायला येतात, तरी उठत नाही. सातव्या दिवशी मूल जातं. चाकरांना धीर होत नाही. मूल जिवंत असताना हा ऐकत नव्हता, आता जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, असं त्यांना वाटतं. ते कुजबुजतात, आणि त्या कुजबुजीवरूनच दावीद ओळखतो. विचारतो, “मूल गेलं का?” “गेलं.” मग तो उठतो, आंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन करतो आणि घरी येऊन जेवायला मागतो.

चाकर चक्रावतात. मूल गेल्यावर आपल्याकडे चूल पेटत नाही, आणि हा तर वाढा म्हणतोय! दावीद जे सांगतो त्याचा सूर असा: मूल होतं तोवर रडलो, उपास केला, म्हटलं, कोण जाणे, परमेश्वराला दया येईल.

हे ‘कोण जाणे’ पकडून ठेवा. योनाच्या पुस्तकात नाशाचा इशारा मिळालेल्या निनवे शहराचा राजा गोणपाट नेसून राखेत बसतो तेव्हा हेच म्हणतो. योएल संदेष्टा वस्त्रं फाडू नका, हृदयं फाडा असं सांगतो आणि पुढच्याच वाक्यात हेच म्हणतो. तिघांनीही जीव तोडून उपास केला, आणि तिघांनीही देवाचे हात मोकळे ठेवले. निनवे वाचली, दावीदाचं मूल वाचलं नाही. तरी दावीद मंदिरात गेला.

तेव्हा ताई, तुमचा शुक्रवार चालू ठेवा. २१ दिवस झेपत असतील आणि मनापासून करावेसे वाटत असतील तर तेही करा, पण बंधन तोडायची फी म्हणून नको. आणि त्या बाईंशी भांडू नका. त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलंय.

वेर्ण्याला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. उपासाच्या दिवशी कँटीनमध्ये मित्र ताट पुढे करतात. ‘उपास आहे’ म्हटलं तर दिखावा, ‘जेवलो’ म्हटलं तर खोटं. काय करू? (तरुण वाचक, मडगाव)

खोटं बोलू नका. “आज नाही जेवत रे” एवढं पुरे. खोदून विचारलं तर खरं सांगा आणि विषय बदला. उपास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं प्रभूने सांगितलं ते उपास तिजोरीत कुलूप लावून ठेवण्यासाठी नाही. चेहरा पाडून फिरणाऱ्यांना लोकांची शाबासकी हवी होती, ती त्यांना मिळाली. हिशोब तिथेच संपला.

दिखावा मोठा चिवट असतो. पहिल्या ख्रिस्ती शतकांतल्या ‘प्रेषितांची शिकवण’ नावाच्या पुस्तिकेत सांगितलंय की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलणं त्यातल्या त्यात सोपं! ढोंगाला कुठलाही वार चालतो.

मला तर कँटीनपेक्षा घराची जास्त धास्ती वाटते. तरुणपणी तीन दिवसांच्या उपासात दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. मी असा ओरडलो की तो पडद्यामागे जाऊन उभा राहिला. बायकोने फरशी पुसता पुसता, मान वर न करता विचारलं, “हा उपास कुणासाठी चाललाय?” यशयाच्या ५८व्या अध्यायात देव जवळजवळ हेच विचारतो: उपासाच्या दिवशी तुम्ही भांडता, मजुरांना राबवता, आणि वर मी लक्ष देत नाही म्हणून तक्रार करता. त्याला हवा तो उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपलं अन्न वाटून देणं. दुसऱ्या शतकातल्या एका ख्रिस्ती लेखनात याची रीतही दिली आहे: त्या दिवशी जे खाल्लं नाही त्याची किंमत मोजा आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. तुमचं कँटीनचं कूपन वाचतं ना? मग सुरुवात तिथूनच करा.

वय ६४. मधुमेहाच्या गोळ्या चालू, रात्री इन्सुलिन. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांची उपासना होईपर्यंत सकाळपासून पाणीही न घेण्याची आमची जुनी सवय. यंदा डॉक्टर ‘अजिबात नाही’ म्हणाले. अपराधी वाटतं. (म्हापसा)

काका, डॉक्टरांचं ऐका. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात जास्त निघालं, २६.४ टक्के. म्हणजे आपल्या प्रत्येक बाकावर तुमच्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं आणि संकोचाने गप्प असतं.

कॅथलिक मंडळी नियमांना पक्की, तरी त्यांच्याकडेही राखेच्या बुधवारचा आणि उत्तम शुक्रवारचा उपास १८ ते ५९ वयाच्यांनाच बंधनकारक आहे. त्यातही एक पूर्ण जेवण चालतं, आणि आजाऱ्याला सूट असते. आपण प्रॉटेस्टंट लोक नियम नाहीत म्हणतो आणि मग आजोबांच्या सवयीला नियम करून बसतो.

गोळी आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर झपकन उतरते. घाम, थरथर, डोकं न चालणं असं काही झालं तर उद्गार चौथा असो की पाचवा, तिथल्या तिथे साखर तोंडात टाका. डॉक्टरांना न विचारता गोळी स्वतःच बंद करणं हाही उपाय नव्हे. सोडायचंच असेल तर टीव्ही सोडा, तो कुठल्याच गोळीशी भांडत नाही. आणि एक: धडधाकट माणसानेही लांबचा उपास पेजेसारख्या हलक्या अन्नावर सोडावा. मी एकदा मिरची-भजीवर सोडला होता. पुढचं सांगत नाही.

आम्ही वसईचे, नोकरीमुळे गोव्यात. शुक्रवारी मांस नाही म्हणून घरी सुरमई, कोलंबी असा बेत असतो. हा उपास झाला का? (कॅथलिक वाचक, पणजी)

मी तुमच्या चर्चचा नाही, नियमाचं तुमच्या फादरना विचारा. माझ्या माहितीप्रमाणे नियम मांसाचा आहे, मासळीचा नाही, तेव्हा मोडला काहीच नाहीत. पण ज्या गोव्यात ताटात मासळी नसली तर माणूस ‘आज जेवणच नाही’ म्हणतो, तिथे मटण सोडून सुरमई तळणं म्हणजे आपली जुनीच म्हण: एकादशी अन् दुप्पट खाशी. एखादा शुक्रवार नुसत्या डाळभातावर काढून बघा. घरात कोण कुरकुरतं ते कळेल. आमच्याकडे मीच कुरकुरतो.

तुमच्या उपासाला साबुदाणा चालतो का हो? शेजारच्या ख्रिश्चन वहिनींना खिचडी द्यायची होती, पण विचारायला संकोच वाटला. (डिचोली)

चालतो, वहिनी! आमच्याकडे उपासाचे पदार्थ असा प्रकारच नाही. कुणी एकवेळ जेवतं, कुणी काहीच घेत नाही. त्या घेत नसतील तर संध्याकाळी द्या. शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घाला.

आजीच्या बायबलात मार्क ९:२९ ला ‘प्रार्थना व उपास’ आहे, माझ्या नव्या भाषांतरात फक्त ‘प्रार्थना’. उपास कुणी कापला? (फोंडा)

कापला नाही, बहुधा नंतर जोडला गेला होता. गोष्ट अशी: शिष्यांना एका मुलातलं भूत काढता येत नाही, प्रभू ते काढतो, आणि ‘आम्हाला का जमलं नाही’ या त्यांच्या प्रश्नाला हे वचन उत्तर आहे. सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ४थ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्कच्या त्या वचनात ‘उपास’ हा शब्द नाही. पुढच्या काळातल्या बहुतेक प्रतींत आहे. मत्तय १७:२१ चंही असंच, ते वचन त्या दोन्हींत नाही. उपासाला फार मान असलेल्या काळातल्या नकलकारांनी तो शब्द घातला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

म्हणून उपास बायबलातून गेला का? नाही. ‘तुम्ही उपास कराल तेव्हा’ असं प्रभू म्हणाला, ‘केलात तर’ असं नाही. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना उपास-प्रार्थना करूनच पाठवलं. गेली ती एक सोयीची समजूत, की उपास म्हणजे भुतं काढायला बॅटरी चार्ज करणं. त्या गोष्टीतल्या बापाने उपास केल्याचा उल्लेख कुठेच नाही. मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालव, एवढंच तो ओरडला, आणि पोरगा बरा झाला.

सहा झाले खरे, पण सातवा बाजूला ठेववेना.

लहानपणापासून मंडळीत आहे. उपास करते, पोटात कावळे ओरडतात, पण देवाची भूक काही लागत नाही. प्रार्थनेला बसले की घड्याळ बघते. हे ढोंगच ना? (वाचक, वास्को)

नाही, बेटा. ढोंगी माणूस असं पत्र लिहीत नाही.

स्तोत्र ४२ मध्ये हरिणी पाण्यासाठी ‘लुलपते’. एरवी हा शब्द आपण कुठे वापरत नाही, पण जीभ बाहेर आलेलं जनावर त्यात दिसतं. आपण ते स्तोत्र गोड चालीवर गातो आणि विसरतो की त्या माणसाला देव सापडलेला नाही. लोक विचारतायत, कुठे आहे तुझा देव? रात्रंदिवस आसवं हेच त्याचं अन्न झालंय. देव जवळ आहे असं वाटण्याला तहान म्हणत नाहीत. तो नाहीसा वाटतो आणि ते खुपतं, ती तहान. तुला खुपतंय.

भूक मरण्याची कारणं घरगुतीच असतात. दिवसभर फरसाणाच्या डब्यात हात असला की जेवणाच्या वेळी पोट भरलेलं असतं. मोबाइल हा तसाच डबा आहे. किंवा माणूस आजारातून उठलेला असतो. त्याला कुणी पंगतीला बसवत नाही, वाटीभर पेज आणि लोणच्याची फोड देतात, आणि चार दिवसांनी तोच ‘आणखी आहे का?’ विचारतो. तू पेजेवर ये. आठवड्यातून एक जेवण सोड, आणि त्या अर्ध्या तासात एकच स्तोत्र मोठ्याने वाच, मनात नको. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण १६१६ साली आपल्या सासष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं, तेही मराठी ओव्यांत; ओवी म्हणायची असते, ऐकायची असते. स्वतःच्या कानावर शब्द पडला की घड्याळाकडे जरा कमी लक्ष जातं.

माझं सांगतो. मी बुधवारी सकाळपासून काही घेत नाही. दिवस बरा जातो. मग संध्याकाळी वळणावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा हॉर्न वाजतो, पों-पों, आणि टोपलीवरचं निळं प्लॅस्टिक दूर व्हायच्या आधीच माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं असतं. इतकी वर्षं झाली, तरी सुटतंच. आमच्या चार पोया (गोव्याचे पाव) ठरलेल्या. पहिल्यांदा मी दोन परत केल्या तेव्हा पोदेर म्हणाला, “पाद्री, आज पाहुणे गेले काय?” आता त्याला कळलंय. बुधवारी तो दोनच फाटकावर ठेवतो, दोन पुढच्या बांधकामावरच्या झारखंडच्या पोरांना देतो आणि चारांचे पैसे माझ्या नावावर मांडतो.

तो गेला की मी ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ म्हणायला बसतो. त्या वेळी मला देवाची भूक असते असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पोयीची असते. तीच घेऊन बसतो.