चार्जिंगला लावलं तरी टॅब मेलेलाच!

प्रश्न : आईचा टॅब आहे, ती लोकलमध्ये त्यावर वाचते, आता वायर एका ठराविक कोनात धरली तरच चार्ज होतो, हलली की बंद. माझा जुना किंडल तर तीन महिने पडून होता, आता चालूच होत नाही. दोन्ही फेकायचे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : अहो, फेकू नका! आधी आईंच्या टॅबचं बघू, पर्समध्ये राहणाऱ्या टॅबच्या पोर्टमध्ये (चार्जरची पिन घालायच्या खाचेत) कापसासारखा कचरा दाबून बसतो आणि मग पिन पूर्ण आत जातच नाही, तर टॅब बंद करा, टॉर्च मारा आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कडेकडेने काढा. सुई, टाचणी अजिबात नको, टाईप-सी पोर्टच्या मधल्या पातळ जिभेवरच वीज जोडणारे सगळे कॉन्टॅक्ट असतात, ती मोडली की खर्च आलाच. पावसात भिजला असेल तर पंख्याखाली वाळू द्या, तांदळात पुरू नका, पीठ आत जातं. तरी पिन डुगडुगत असेल तर पोर्टचं सोल्डर, म्हणजे त्याला बोर्डाशी जोडणारा टाका, सुटलेलं असू शकतं, मग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दाखवा आणि आधी विचारा की नुसता पोर्ट बदलणार की अख्खा बोर्ड.

किंडलची बॅटरी पार उतरली असणार. साध्या ५ वॉटच्या चार्जरला काही तास लावून ठेवा, मग पॉवर बटण ४० सेकंद दाबून धरा.

आणि दोन्हीपैकी कशाचंही मागचं कव्हर फुगलेलं दिसलं, म्हणजे आतली बॅटरी फुगलीय, तर मात्र चार्जिंगला लावूच नका, प्लीज.