लांबी तंतोतंत जुळवूनही डिफरन्शियल जोडी का अडखळते?

तुमच्या चार लेयरच्या बोर्डवर यूएसबी ३.० ची डिफरन्शियल जोडी (एकच सिग्नल उलटसुलट रूपात नेणारे दोन ट्रेस, म्हणजे तांब्याच्या वाटा) मध्येच व्हायामधून (लेयर जोडणाऱ्या तांब्याच्या छिद्रातून) खालच्या लेयरवर जाते. दोन्ही ट्रेसची लांबी तुम्ही ०.१ मिलिमीटरपर्यंत जुळवलीत, तरी लिंक तुटते, म्हणून आता ती आणखी किती जुळवायची असं विचारताय. माझं मत विचाराल तर लांबीचा नाद आता सोडा आणि ट्रेसखाली काय आहे ते बघा.

५ गिगाबिटला एक बिट २०० पिकोसेकंदांचा. एफआर-४ वर, म्हणजे बोर्डच्या नेहमीच्या फायबरग्लास मटेरियलवर, वरच्या लेयरमधल्या सिग्नलला एक मिलिमीटर कापायला साधारण ६ पिकोसेकंद लागतात. म्हणजे तुमचा उरलेला फरक एक पिकोसेकंदसुद्धा भरत नाही. त्यानं लिंक तुटणार नाही.

एका ट्रेसमधून गेलेला करंट दुसऱ्यातून परत येतो, तेव्हा ग्राउंडचं एवढं काही नाही, ही समजूत फार पसरलेली आहे. बोर्डवर सहसा तसं होत नाही. प्लेन, म्हणजे लेयरभर पसरलेलं तांबं, ट्रेसच्या इतकं जवळ असतं की प्रत्येक ट्रेसचा रिटर्न करंट मुख्यतः त्याच्याच खालच्या तांब्यातून वाहतो. तुमची जोडी वर असताना ते तांबं ग्राउंडचं आहे. व्हायानंतर मात्र तिच्या शेजारी तिसऱ्या लेयरचं पॉवर प्लेन येतं, आणि तेही ३.३ आणि ५ व्होल्ट अशा दोन तुकड्यांत. ग्राउंडवरून पॉवरवर जायला जवळची वाट नसल्यामुळे रिटर्न करंट पॉवर आणि ग्राउंडला जोडणारा डिकपलिंग कॅपॅसिटर सापडेपर्यंत वळसा घेतो. पुढे त्या दोन तुकड्यांमधल्या फटीवर जोडीचा ठरलेला ९० ओहमचा इम्पिडन्स (सिग्नलला जाणवणारा अडथळा) वर उडतो. त्यात जोडी फट तिरकी ओलांडत असेल तर एक ट्रेस आधी आणि दुसरा नंतर पलीकडे जातो, आणि सिग्नलचा काही भाग कॉमन मोडमध्ये (दोन्ही ट्रेसवर एकाच दिशेनं) वळतो. एमिशन टेस्टमध्ये (बोर्ड बाहेर किती रेडिओ लहरी फेकतो त्याच्या चाचणीत) पुढे तोच त्रास देतो.

कॅडमध्ये बाकी सगळं लपवून फक्त ही जोडी आणि तिच्या शेजारचा लेयर चालू ठेवा. कनेक्टरपासून चिपपर्यंत सावकाश सरका. शेजारचं तांबं कुठेही तुटलेलं दिसलं की तिथे थांबा.

जमलं तर जोडी पूर्णपणे वरच्या लेयरवरच न्या. त्यासाठी थोडा वळसा पडला तरी चालेल. खाली न्यावीच लागली, तर तिसऱ्या लेयरवर त्या वाटेत ग्राउंडचं अखंड तांबं टाका आणि सिग्नलच्या व्हायांना खेटून दोन्ही बाजूंना एकेक ग्राउंड व्हाया द्या. जोडीच्या प्रत्येक ट्रेसमध्ये एकेक असलेले कपलिंग कॅपॅसिटर शेजारी शेजारी, एका रेषेत हवेत.

नागमोडी वळणं द्यायचीच असतील, तर लांबीचा फरक जिथे पडतो तिथेच द्या. फरक कनेक्टरपाशी पडला आणि भरपाई चिपपाशी केलीत, तर मधल्या सगळ्या वाटेत दोन्ही सिग्नल एकमेकांच्या पुढेमागे धावतात.

आणि ९० ओहमसाठी ट्रेसची रुंदी ठरवताना इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरवर विसंबू नका. बोर्ड बनवणाऱ्याकडून त्याचा प्रत्यक्ष स्टॅकअप (लेयरांची रचना आणि जाडी) मागवा, कारण प्रीप्रेगची (लेयरांमधल्या इन्सुलेशनच्या थराची) जाडी बदलली की तो आकडा बदलतो.