कोंबडा खरंच साडेतीनला आरवतो का?

"मॅडम, घर विकून टाकावं का?"

समुपदेशनाच्या माझ्या कामात हा प्रश्न फार वेळा येतो आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा घर विकायचं नसतं. शेजाऱ्याशी वाकडं आलेलं असतं. कारण वरून गळणारं कुंड्यांचं पाणी असेल, पार्किंगमधली हातभर जागा असेल, कबुतरांना टाकलेले दाणे असतील. टाळेबंदीत बऱ्याच जणांनी घरामागे कोंबड्या पाळायला घेतल्या, तेव्हापासून त्यांच्यावरूनही लोक येतात. विषय काहीही असो, पुढचं सांगणं तेच असतं. फाटक वाजलं की छातीत धडधडतं. कपडे वाळत घालायला जाण्याआधी ते बाहेर उभे नाहीत ना, हे खिडकीतून बघावं लागतं. रात्री पाठ टेकली की मनातल्या मनात भांडण सुरू होतं आणि त्यात आपल्याला दिवसा न सुचलेली सगळी उत्तरं सुचतात. साहेबाशी बिनसलं तर माणूस संध्याकाळी सुटून घरी तरी येतो. शेजाऱ्याशी बिनसलं की घरी येणंच नको वाटायला लागतं. म्हणून या त्रासाला "क्षुल्लक" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

अशांपैकी एका ताईंची हकिकत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पुण्यातल्या धायरीत रो हाऊसमध्ये राहतात. माहेर वेल्ह्याकडचं. २०२० मध्ये भावाने त्यांना चार तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा आणून दिला. मागच्या अंगणात, कडेच्या भिंतीला लागून खुराडं बांधलं. भिंतीपलीकडचे काका बँकेतून निवृत्त झालेले. आधी दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जायचा. मग तक्रार आली, मग टोमणे, मग काकांनी भिंतीवर पाटी लावली: "येथे माणसे झोपतात." शेवटी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज गेला. ताईंचं बीपी वाढलं, झोप उडाली, आणि डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: "कायद्याने कोण बरोबर?"

मी म्हटलं, "त्याची माहिती लेखी घ्या, ती मिळायलाच हवी. महापालिकेच्या हद्दीत कोंबड्या पाळायला परवानगी लागते का, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारा. सोसायटीचे उपविधी वाचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तेही ध्यानात ठेवा. पण समजा, उद्या कागद तुमच्या बाजूने आला. रात्री झोप लागेल?"

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नाही लागणार. ते मला म्हणाले, हे काय खेडं आहे का? अहो, धायरी २०१७ साली पालिकेत आली. तोवर ग्रामपंचायतच होती की इथे! आणि मला खेडं काढतात."

खरा काटा तिथे होता.

पुढच्या भेटीसाठी मी त्यांना एक काम दिलं. वर्षभरात काका जे जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढायचं, आपली मल्लिनाथी न करता. ताई दोन पानं भरून घेऊन आल्या. लिहिताना रडल्याही होत्या. मी विचारलं, "यातल्या कोणत्या वाक्यावर तुम्ही उद्या सकाळी काही करू शकता? त्याच्यापुढे खूण करा." "संस्कार" पुढे खूण होईना. "खेडं", "तुमच्यात हे चालत असेल", "शिकलेल्यांची वस्ती आहे ही" यांच्यापुढेही होईना. खूण झाली ती मोजक्या वाक्यांपुढे: कोंबडा पहाटे साडेतीनला आरवतो, पावसात वास येतो, माश्या येतात, वाळवणात पिसं येतात.

"पण ही साडेतीनची गोष्ट साफ खोटी आहे," ताई म्हणाल्या. "आमचा कोंबडा पाचला आरवतो. मी रोज ऐकते. मला त्रास द्यायचा म्हणून हा माणूस वेळ वाढवून सांगतो."

"तुम्ही कोणत्या खोलीत झोपता?"

"पुढच्या. रस्त्याकडच्या."

"आणि काका?"

त्यांना माहीत नव्हतं. एका भिंतीला लागून इतकी वर्षं राहूनही नाही. जरा आठवून म्हणाल्या, "मागच्या खोलीत उशिरापर्यंत दिवा असतो. तीच असेल."

"मग चार रात्री तुम्हीही मागच्या खोलीत झोपून बघा. खिडकी उघडी ठेवून."

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात ज्या प्रश्नांचं मला समाधान आहे, त्यांत "तुम्ही कोणत्या खोलीत झोपता" हा वरचा आहे. मी सल्ला दिला नव्हता, काकांची बाजूही घेतली नव्हती. फक्त त्यांना अंथरूण हलवायला सांगितलं होतं.

पुढच्या वेळी ताई आल्या आणि पर्स मांडीवर धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, खरंच साडेतीनला आरवतो. मोबाईलमध्ये बघितलं. तीन वाजून पस्तीस मिनिटं. आणि एकदा ओरडून थांबत नाही. मी ऐकत होते तो पाचचा, तोवर याचं निम्मं आरवून झालेलं असतं."

कोंबड्याला आतलं घड्याळ असतं. उजाडण्याची वाट न बघता तो साधारण दोन तास आधीपासून आरवायला लागतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हे प्रयोगातून दाखवलं आहे. मी ताईंना हे सांगितलं, पण त्यांचं मन दुसरीकडेच होतं.

"म्हणजे वर्षभर तो माणूस खोटं बोलत नव्हता," त्या म्हणाल्या. आणि पाठोपाठ, पार चिडून: "मग काय, खेडं म्हणाले तेही खरं मानू?"

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. शेजारपाजारची बहुतेक भांडणं वर्षानुवर्षं का चालतात, त्याचं उत्तर त्यात आहे. तक्रार आणि अपमान एका पुडीत बांधून आलेले असतात. तक्रार मान्य केली तर अपमानही पदरात पडेल, अशी आपली समजूत होते. मग आपण तक्रारही नाकारतो, डोळ्यांनी दिसत असली आणि कानांनी ऐकू येत असली तरी. पलीकडच्याला वाटतं, इतकं उघड असूनही हे मान्य करत नाहीत, म्हणजे मुद्दामच करतात. तो आणखी लागेल असं बोलतो. मग आपण आणखी ताठ होतो.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. तिच्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी: माणसाच्या एखाद्या कृतीला बरं-वाईट जरूर म्हणावं, पण त्यावरून अख्ख्या माणसाचं मोल ठरवू नये. दुसऱ्याचं नाही आणि आपलंही नाही. ताईंना मी एवढंच म्हटलं, "काका कोंबड्याबद्दल बरोबर आहेत. तुमच्याबद्दल चूक आहेत. दोन्ही एकदमच खरं आहे. एक मानलं म्हणून दुसरं मानावं लागत नाही."

त्यांनी ते पुन्हा म्हणवून घेतलं. मग स्वतः म्हणून बघितलं. आणि लगेच कामाला लागल्या. माणसाचं ओझं उतरतं तेव्हा तो पहिल्यांदा व्यवहाराचं बोलायला लागतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. "कोंबडा भावाकडे देते. अंड्यांना कोंबडा लागतो कुठे?" बरोबर आहे. कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी घालतातच, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. शहरातल्या अनेकांना हे ठाऊक नसतं आणि निम्मी भांडणं एका कोंबड्यापायी होतात. वासाचाही उपाय त्यांना माहेरपासून ठाऊक होता, फक्त रागाच्या भरात तो केला गेला नव्हता. खुराड्यात भाताच्या तुसाचा चांगला थर द्यायचा, तो कोरडा ठेवायचा, अधूनमधून हलवायचा, भिजला की काढायचा. विष्ठा ओली राहिली की अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, कोरडी राहिली तर फारसा वास येत नाही. उरलेलं खाद्य रात्री उचललं की उंदीरही येत नाहीत.

राहिलं काकांशी बोलणं. इथे बहुतेक जण घाई करतात. ताईंना आधी वाटलं, डझनभर अंडी घेऊन जावं. मी नको म्हटलं. काका अंडी खात नव्हते, आणि खात असते तरी भेटवस्तू घेऊन गेलं की समोरच्याला वाटतं, आपलं तोंड बंद करायला आणली आहे. रिकाम्या हाताने जा. "तुम्हाला त्रास झाला असेल तर" असं म्हणू नका. त्यातल्या "असेल तर"ने माणूस भडकतो, कारण त्रास झालेलाच असतो. काय केलं आणि कधी करणार, तेवढं सांगा. कोंबड्या पाळल्याबद्दल माफी मागू नका. आणि लागलेली गोष्ट एकदाच, एका वाक्यात, आवाज न चढवता सांगा. उत्तराची वाट बघू नका.

आम्ही ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं. ताई प्रत्यक्षात असं म्हणाल्या: "काका, मी मागच्या खोलीत झोपून बघितलं. साडेतीनलाच आरवतो. तुम्ही खरं सांगत होतात. रविवारी माझा भाऊ त्याला गावी घेऊन जाणार आहे. वासाचंही करतेय. पंधरा दिवसांनी वास आला तर मलाच सांगा. कोंबड्या मात्र राहतील. आणि मला खेडं म्हणालात ते फार लागलं."

काका विरघळले नाहीत. "बघू," म्हणाले. पण ताई वळल्या तेव्हा त्यांनी थांबवलं आणि भिंतीजवळ नेऊन एक झाकण दाखवलं. खुराड्याच्या बरोबर पलीकडे, जमिनीत, त्यांची पाण्याची टाकी होती.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरीच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण सापडले. पुणे परिसरातला संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते, पायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. तो कोंबड्यांच्या आतड्यांत राहतो आणि दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या चिकनमधून माणसापर्यंत पोचतो. काकूंना मधुमेह आहे. काकांनी तेव्हा पेपरात हे सगळं वाचलं होतं आणि रोज त्या झाकणाकडे बघत होते. वर्षभरातल्या त्या दोन पानांत टाकीचा शब्दही नव्हता. भीती वाटते म्हणण्यापेक्षा "संस्कार नाहीत" म्हणणं त्यांना सोपं गेलं.

ताईंच्या खुराड्यातून त्या टाकीत काही गेलं होतं, असं कोणीच म्हणत नव्हतं. पण काळजी निराधार नव्हती. खुराडं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, खुराड्यातल्या चपला घरात आणायच्या नाहीत, हे ताईंनी स्वतःच्या घरासाठीही सुरू केलं.

पाटी काही दिवसांनी निघाली. "खेडं" या शब्दाबद्दल काका आजतागायत काही बोललेले नाहीत. ताईंना ते अजून खुपतं आणि खुपणारच. मी त्यांना विसरा म्हटलं नाही. गेल्या पावसाळ्यात पुन्हा वासाची तक्रार आली तेव्हा त्यांनी फोनवर सांगितलं, "तूस भिजला होता, बदलला." आवाजात धडधड नव्हती.

हे वाचून कोणाला आपला शेजारी आठवला असेल तर आधी ती दोन पानं लिहा. खूण करता येईल अशी वाक्यं निघाली तर त्यांच्या खिडकीशी, त्यांच्या वेळेला, एकदा उभं राहून बघा. कुत्रा भुंकतो ही तक्रार असेल तर तुम्ही घरी नसताना तो किती भुंकतो, हे मोबाईलवर टिपून ऐका. घरी नसताना होणाऱ्या त्रासाबद्दल आपण फार खात्रीने बोलतो.

खूण करण्यासारखं एकही वाक्य निघालं नाही, नुसती जातीवरून, खाण्यावरून शिवीगाळ असेल, धमक्या असतील किंवा कोणी जनावरांना विष घालत असेल, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. तिथे समजूतदारपणाचा भार तुमच्या एकट्यावर घेऊ नका. तारीख-वेळेची नोंद ठेवा, फोटो ठेवा, पोलिसांत लेखी द्या, तातडीचं असेल तर ११२ ला फोन करा. कोर्टात जाण्याआधी मध्यस्थी हवी असेल तर पुण्यात शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करता येतो. आणि या सगळ्यात झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.