गोठ्यातील तान्ही जनावरे: वाचकांचे प्रश्न

आश्विन-कार्तिकात फळलेल्या शेळ्या साधारण १५० दिवसांनी, म्हणजे फाल्गुन-चैत्रात वितात. त्यामुळे या दिवसांत येणारी बहुतेक पत्रे करडांविषयीच असतात.

प्रश्न (भूम, जि. धाराशिव): शेळीची वार (व्यायल्यावर बाहेर पडणारे गर्भाचे आवरण) पडेपर्यंत करडांना पाजू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. हे योग्य आहे काय?

योग्य नाही, आणि या एका समजुतीपायी दरवर्षी कितीतरी करडे हकनाक दगावतात. शेळीच्या गर्भाशयात आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत. ती त्याला केवळ चिकातून मिळतात, आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत जाऊन सुमारे २४ तासांत संपते. म्हणून करडू उभे राहून सड शोधू लागताच, शक्यतो पहिल्या तासाभरातच, त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. पहिल्या दिवसभरात वजनाच्या एक दशांश, म्हणजे दोन किलोच्या करडाला सुमारे २०० मिली चीक मिळावा. शिवाय पिल्लू लुचू लागले की शेळीचे गर्भाशय आकुंचन पावते आणि वार सुटायला मदतच होते. बारा तासांत वार पडली नाही तर पशुवैद्यकांना बोलवावे. ती ओढू नये, तिला दगड किंवा चप्पल तर मुळीच बांधू नये.

गाईच्या चिकाचा खरवस आम्हालाही आवडतो, परंतु तो वासराचे पोट भरल्यानंतर उरलेल्या चिकाचा असावा. उष्णतेने जी प्रथिने थिजून खरवस वडीसारखा बसतो, त्यांतच ही संरक्षक द्रव्येही असतात. त्यामुळे साठवलेला चीक पिल्लाला देताना तो कोमट पाण्यात भांडे ठेवून ऊन करावा, उकळू नये.

प्रश्न (जुन्नर): आमच्या उस्मानाबादी शेळीला तीन करडे झाली आहेत. तिसरे मलूल असून मागे पडते. त्याला बाटलीने गाईचे दूध पाजावे का?

उस्मानाबादी शेळीला जुळी होणे नेहमीचेच, तिळी मात्र क्वचित होतात. पण सड दोनच असल्याने धाकट्याची आबाळ होते. प्रथम त्याच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले तर दूध पाजण्याची घाई न करता त्याला कोरडे पुसून, गोणपाटात गुंडाळून, कोवळ्या उन्हात ऊब द्यावी, कारण गारठलेल्या पिल्लाला धड गिळता येत नाही आणि दूध पचतही नाही. ऊब आल्यावर आधी आईचा चीक पिळून पाजावा. त्यानंतर गाईचे कोमट दूध दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे देण्यास हरकत नाही. पाजताना करडू उभेच असावे. मांडीवर उताणे घेऊन पाजले की दूध फुप्फुसात जाते. त्याच सुमारास दुसरी एखादी शेळी एकच करडू व्याली असेल, तर तिच्या करडाच्या अंगावरील ओल या करडाला चोळून पाहावी. शेळी पिल्लाला वासाने ओळखते, आणि ही युक्ती पुष्कळदा साधते. तिघांचेही वजन रोज एकाच वेळी करून लिहून ठेवावे. नुसत्या नजरेने केलेला अंदाज फसतो.

प्रश्न (बार्शी): करडांची नाळ कापावी लागते का?

ती बहुधा आपोआप तुटते. फार लोंबत असेल तरच दोन-तीन बोटे ठेवून, स्वच्छ दोऱ्याने बांधून कापावी. टिंक्चर आयोडीन मात्र प्रत्येक नाळेला लावावे, कारण नाळेतून शिरलेला संसर्ग पुढे गुडघ्यांच्या सुजेच्या रूपाने दिसतो.

प्रश्न (दापोली): खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली आहेत. पिल्ले निघाल्यावर दिवा लावावा का?

एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले निघाली आणि कोंबडी त्यांना पंखाखाली घेत असेल, तर दिव्याची गरज नाही. आईविना वाढवायची असल्यास पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब ठेवून ती दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावी. तापमापक नसला तरी पिल्लेच सांगतात: एकमेकांवर चढून गोळा झाली तर गारठली आहेत, चोच उघडून दूर पांगली तर तापली आहेत. मानमोडी (राणीखेत) या रोगाची पहिली लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब टाकून द्यावी, आणि घार व मुंगूस यांच्या भयाने पिल्ले काही दिवस डालग्याखालीच राहू द्यावीत.